दोन नद्यांकाठचे खंदक

किल्ला पाहावयास गेलेला मराठी माणूस नेहमी वर पाहतो. तट किती उंच, बुरूज किती रुंद, दरवाजावरचा शरभ कोणत्या काळचा, याची चर्चा मान दुखेपर्यंत चालते. तटापासून दोन-तीनशे पावलांवर, जिथे वेढा घालणारा शिपाई मातीत अंग चोरून दिवसच्या दिवस पडून राहिला, तिकडे मात्र कोणी पाहत नाही. त्याचे कारणही उघड आहे. दगडाचा तट टिकतो. मातीत खणलेला चर चार पावसाळ्यांत बुजतो, त्यावर नांगर फिरतो आणि ज्वारी उभी राहते. इतिहासाच्या पुस्तकांतही थोडेबहुत असेच घडते. सेनापतींची नावे दगडाची असतात, शिपायांची मातीची.

या लेखात मला थोडे खाली पाहावयाचे आहे.

खंदक हा शब्द आपल्याकडे फारसी-अरबीच्या वाटेने आला आणि इतका घरचा झाला की त्याचे परकेपण कोणाच्या ध्यानीही येत नाही. मोर्चा आणि दमदमा यांचीही कुळकथा अशीच. आज मोर्चा म्हटला की घोषणा देत चाललेली माणसे डोळ्यांसमोर येतात. पण जुन्या बखरीतला ‘मोर्चे लाविले’ हा मोर्चा म्हणजे शत्रूच्या तटासमोर शिपायाने धरलेली आडोशाची जागा. विशेष गंमत ही की, १९१५ साली सातारा-रत्नागिरीकडचा शिपाई टायग्रिस नदीच्या काठी कुदळ घेऊन उभा राहिला, तेव्हा तिथला अरब शेतकरीही त्या चराला खंदकच म्हणत होता. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. हा एक शब्द तेवढा सामाईक होता.

पण टायग्रिसच्या काठी जाण्यापूर्वी वाचकांना मी आपल्या मोसम नदीच्या काठी नेणार आहे. कारण अरब आणि मराठे यांची खंदकातली ही गाठ पहिली नव्हती. तिच्या आधी ९७ वर्षे, इ. स. १८१८ मध्ये, आपल्या खानदेशातच एक वेढा पडला होता, आणि त्या वेळी कोंडलेले होते ते अरब.

*

मी दीपनगरला राहतो. भुसावळजवळची ही वीजकेंद्राची वसाहत. इथला तट म्हणजे धुराडी आणि बुरूज म्हणजे पाण्याचे शीतक मनोरे. लढाईची जागा पाहावयाची तर आम्हांला बाहेर पडावे लागते. जळगाव, पारोळा, धुळे करीत मालेगावला पोचलो की मोसमच्या काठी नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४० च्या सुमारास बांधलेला भुईकोट उभा आहे. मालेगाव आज नाशिक जिल्ह्यात मोडत असले तरी १८६९ पर्यंत ते खानदेशातच होते, आणि बोलीने अजूनही बरेचसे आहे. किल्ल्याच्या आसपास गाव दाटले आहे. मी तटाकडे पाठ करून नदीच्या बाजूला उभा राहिलेला पाहून एका वृद्ध गृहस्थांनी विचारले, “काय देखाले उनात, भाऊ?”

“वेढा कुठून पडला होता, ते पाहतोय, बाबा,” मी म्हणालो.

त्यांनी हात हलवून सगळा नदीकाठच दाखविला. उत्तर बरोबर होते.

१८१८ च्या मे महिन्यात कर्नल मॅक्डॉवेलची इंग्रज फौज इथे आली, तेव्हा पेशवाई संपत आलेली होती. किल्ल्यात होते ते पेशवाईच्या काळी चाकरीसाठी आलेले काही शे अरब. पगारी शिपाई, पण हातात घेतलेली जागा सोडावयाची नाही, हा त्यांचा धर्म. मेच्या १८ तारखेला रात्री इंग्रजांनी खणावयास आरंभ केला.

वेढ्याचे खणणे ही मोठी शिस्तीची विद्या आहे. चर सरळ तटाकडे खणला तर तटावरून सुटलेली एक गोळी या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन दहा माणसे घेते. म्हणून चर नागमोडी न्यावयाचा. दिवसा डोके वर काढता येत नाही, म्हणून खणावयाचे रात्री. कामट्यांच्या बिनबुडाच्या टोपल्या पुढे ठेवून त्यांत माती भरीत जावयाचे, की खणणाऱ्याला तेवढाच आडोसा. पहाटेपर्यंत जेवढी वाव पुढे सरकेल तेवढी आपली. अशा रीतीने तोफा तटाच्या जवळ आणावयाच्या, भगदाड पाडावयाचे आणि मग हल्ला. पुस्तकात हल्ल्याला पानभर जागा मिळते. शिपायाच्या आयुष्यात हल्ला असतो घटकाभराचा आणि खणणे आठवड्यांचे.

खणण्यास आरंभ झाला त्याच रात्री अरब किल्ल्याबाहेर पडून त्या अपुऱ्या चरावर तुटून पडले. इंग्रजांचा मुख्य इंजिनियर, लेफ्टनंट डेव्हिस, तिथेच मारला गेला. पुढे २९ मे रोजी भगदाडावर केलेला हल्ला फसला. मे महिना, खानदेशचे ऊन, तापलेली माती आणि त्यात दिवसभर पालथे पडून राहिलेले शिपाई, ज्यांत बहुसंख्य या देशाचेच होते. ३ जूनला, असीरगडाच्या परिसरात, दुसरा बाजीराव स्वतः माल्कमच्या स्वाधीन झाला. धनी शरण गेला तरी मालेगावचे अरब दहा दिवस लढतच होते. अखेर तोफगोळ्यांनी त्यांचे दारूचे कोठार उडाले आणि १३ जूनला किल्ला पडला.

शरणागतीची हकीकत विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. अरबांना दिलेले पत्र मराठीत होते, आणि त्याचा शब्दार्थ इंग्रज सेनापतीच्या मनात होते त्याहून अधिक उदार निघत होता. एल्फिन्स्टनने निर्णय दिला तो लिहिलेल्या शब्दाप्रमाणे, म्हणजे अरबांच्या बाजूने. परमुलुखात कोंडल्या गेलेल्या त्या पगारी शिपायांना एका मराठी वाक्याने वाचविले. हा प्रसंग वाचकांनी थोडा वेळ लक्षात ठेवावा.

*

आता एक शतक पुढे येऊ. १९१४ साली महायुद्ध सुरू झाले, तेव्हा खंदक ही वेढ्यापुरती गोष्ट राहिली नाही. मशीनगन मिनिटाला शेकडो गोळ्या सोडू लागली, काटेरी तारेने पायदळाचा वेग खाल्ला, आणि उघड्या मैदानावर उभे राहणे म्हणजे मरणे असा नियम झाला. दोन्ही बाजूंची सैन्ये जमिनीत शिरली. स्वित्झर्लंडच्या सरहद्दीपासून उत्तर समुद्रापर्यंत सुमारे ७०० किलोमीटर लांबीची खंदकांची रांग तयार झाली. जणू सारे युरोपच एकमेकांना वेढा घालून बसले.

१९१४ च्या सप्टेंबरअखेर हिंदी पलटणी मार्सेयच्या बंदरात उतरल्या. त्यांत आपल्या खडकीच्या सॅपर्स-मायनर्स पलटणीच्या २० व्या आणि २१ व्या कंपन्या होत्या. खणणे, पूल बांधणे, सुरुंग लावणे हे त्यांचे काम. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यूव्ह शापेल या फ्रेंच खेड्यात शिखांच्या ४७ व्या पलटणीबरोबर त्यांना पायदळासारखे हल्ल्यात उतरविण्यात आले. घराघरांतून संगिनींची लढाई झाली. संध्याकाळपर्यंत त्यांचे बहुतेक सारे अधिकारी मेलेले वा जखमी होते. हाती कुदळ शोभणाऱ्या माणसांनी त्या दिवशी जे केले, ते सैन्याच्या इतिहासात अजून सांगितले जाते.

परंतु मराठी पलटणींचे खरे मरण-जगणे झाले ते फ्रान्समध्ये नव्हे. ते झाले मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात. इराणच्या तेलाचे आबादान हाताशी राखावे म्हणून ६ नोव्हेंबर १९१४ रोजी फाओच्या किनाऱ्यावर हिंदी फौज उतरली. तिचे नावच होते सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या. कोकणातले आणि देशावरचे मराठे, बरोबर काही दख्खनी मुसलमान. बसरा पडले, अमारा पडले, सप्टेंबर १९१५ मध्ये कूट-अल-अमारा पडले. यशाची चटक लागली आणि थेट बगदादवर जाण्याचा हुकूम सुटला. २२ नोव्हेंबर १९१५ ला टेसिफॉन येथे, जुन्या इराणी बादशहांच्या प्रचंड कमानीच्या सावलीत, मोठी लढाई झाली. साडेचार हजारांवर माणसे मेली किंवा घायाळ झाली. जनरल टाउनशेंड माघारा फिरला आणि ३ डिसेंबरला थकलेली फौज कूटमध्ये शिरली. चार दिवसांत तुर्कांनी चहूबाजूंनी वेढा आवळला.

*

कूट हे टायग्रिसच्या वळणात वसलेले मातीच्या घरांचे गाव. तीन बाजूंना नदी. चौथ्या बाजूला, वळणाच्या मानेवर, खंदकांची रांग आणि तिच्या उत्तरेच्या टोकाला मातीच्याच भिंतींचा एक किल्ला. नदीपलीकडे एक छोटी वस्ती होती. तिथे लोकर दाबून गाठी बांधण्याचे प्रेस होते. कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगशेजारी वाढलेल्या खानदेशी वाचकाला त्या जागेचे चित्र डोळ्यांसमोर आणणे कठीण नाही. ही एकाकी वस्ती सांभाळण्याचे काम होते ११० व्या मराठा पलटणीकडे आणि एका राजपुताना पलटणीकडे. मागे नदी, पुढे तुर्क, आणि मुख्य फौजेशी संबंध फक्त रात्रीच्या अंधारात येणाऱ्या नावेचा.

२४ डिसेंबरला तुर्कांच्या तोफांनी किल्ल्याची मातीची भिंत पाडली आणि त्यांचे पायदळ आत घुसले. आत होते १०३ वी मराठा, एक गोरी पलटण आणि एक मुलतानी पलटण. हातबाँब आणि संगिनी यांनी त्यांनी भगदाड राखले. रात्री पुन्हा हल्ला आला, तोही परतविला. त्यानंतर तुर्कांनी हल्ल्याचा नाद सोडला. भूक आपले काम करील, हे त्यांनी ओळखले.

आणि इथून कूटची खरी लढाई सुरू होते. तीत शत्रू क्वचितच दिसतो.

पहिला शत्रू पाणी. जानेवारी १९१६ च्या तिसऱ्या आठवड्यात टायग्रिसला पूर आला आणि २१ तारखेच्या सुमारास पाणी पुढच्या खंदकांत घुसले. दोन्ही बाजूंच्या शिपायांना एकाच वेळी बाहेर पडावे लागले. नदीकाठच्या गाळात खणलेला चर पाण्याने भरला म्हणजे काय होते, हे समजावयास आम्हांला इराकात जावे लागत नाही. आमच्याकडे काळ्या जमिनीत पावसाळ्यात नळासाठी चर खणला, तर संध्याकाळी खणलेली बाजू सकाळी आत आलेली असते. फावड्याला चिकटलेला चिखल हाताने खरवडावा लागतो, आणि घोट्यापर्यंत रुतलेला पाय काढताना चप्पल आतच राहते. हे आमचे दोन तासांचे हाल. त्यांना त्या चिखलात निजावयाचे होते, तेही थंडीत.

त्याच दिवशी, कूटपासून मैलोगणती खाली नदीकाठी हन्ना येथे, त्यांना सोडविण्यास निघालेली फौज तशाच चिखलातून तुर्कांच्या खंदकांवर चालून गेली आणि २,७०० वर माणसे गमावून थांबली. वेढ्यातली माणसे रोज तोफांचे आवाज ऐकत. आवाज जवळ येतो की दूर जातो, एवढाच अंदाज बांधीत. मार्चमध्ये दुजैला येथे, एप्रिलमध्ये सन्नाइयात येथे प्रयत्न झाले आणि फसले. १३ हजारांना सोडविण्यासाठी सुमारे २३ हजारांची आहुती पडली.

दुसरा शत्रू भूक. धान्य होते ते पुष्कळसे न दळलेले जव. दळावयास पुरेशी जाती नाहीत. तेव्हा विमानातून जात्याचे दगड टाकण्यात आले! आकाशातून जाते पडण्याचा प्रसंग मनुष्यजातीच्या इतिहासात हा पहिलाच असावा. पुढे एप्रिलच्या उत्तरार्धात विमानांनी पिठाचीही पोती टाकली. वेढ्यातल्या फौजेला हवेतून अन्न पुरविण्याचा जगातला पहिला मोठा प्रयत्न म्हणून त्याची नोंद आहे. पण त्या लहान विमानांची ती शिदोरी हजारो तोंडांना कुठवर पुरणार? शेवटी माणशी रोजचे पीठ चार-पाच औंसांवर, म्हणजे दोन लहान भाकऱ्यांवर, आले.

घोड्यांचे आणि खेचरांचे मांस उपलब्ध होते. गोऱ्या पलटणींनी ते घेतले. हिंदी शिपायांनी नाकारले. हा हट्ट नव्हता; त्यामागे गावाकडची भीती होती. ‘घोडा खाल्ला’ ही बातमी गावात पोचली तर पंगतीला कोण घेईल, मुलीचे लग्न कसे होईल? हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून अनुज्ञा आणवून बिनतारी संदेशाने कळविण्यात आली, तरी पुष्कळांचे मन होईना. रानातला पाला शिजवून ते भाजी म्हणून खात. त्यातला काही विषारी निघे. हिरड्या सुजू लागल्या, जुन्या जखमा उकलू लागल्या, माणसे पहाऱ्यावर उभ्याउभ्या कोसळू लागली. एप्रिलमध्ये, अगदी निरुपाय झाल्यावर, बहुतेकांनी ते मांस तोंडात घातले. शौर्य म्हटले की आपण तलवार पाहतो. पण समोरच्या शत्रूपेक्षा हजारो मैलांवरच्या गावाला भिऊन उपाशी राहणारा, आणि तरीही रात्री आपला पहारा चुकवीत नसलेला तो शिपाई, त्याला कोणते नाव द्यावे? मला तरी तो शूरच वाटतो, आणि त्याच्याविषयी मनात कालवाकालव होते.

२९ एप्रिल १९१६ रोजी कूट शरण गेले. वेढा १४७ दिवसांचा मोजतात.

*

मालेगावचे मराठी पत्र वाचकांना आठवत असेल. कूटच्या शिपायांसाठी असे कोणतेच पत्र नव्हते. शरणागती बिनशर्त होती. सुमारे ७ हजार हिंदी शिपाई आणि ३ हजारांवर हिंदी नोकरचाकर, पाणके, भिस्ती, डोलीवाले तुर्कांच्या हाती पडले. सेनापती टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगला मिळाला. शिपाई उन्हातून बगदादला, तिथून मोसुलला आणि पुढे रास-अल-ऐनपर्यंत चालत गेले आणि तिथे बगदाद रेल्वेच्या कामावर लावले गेले. ज्यांनी आयुष्यभर शेत खणले, मग खंदक खणले, त्यांनी आता रुळांसाठी माती उपसली. हिंदी कैद्यांपैकी सुमारे ३ हजार परत आले नाहीत. गोऱ्या शिपायांची स्थिती याहून भयंकर. त्यांच्यातले दोन तृतीयांश कैदेत मेले.

या कैदेची हकीकत शिशिरप्रसाद सर्वाधिकारी या बंगाली रुग्णसेवकाने लिहून ठेवली. ‘अभि ले बागदाद’ हे त्याचे पुस्तक पुढे बऱ्याच वर्षांनी निघाले. तो अधिकारी नव्हता, साधा शिपाईगडी होता, म्हणून त्या पुस्तकाचे मोल अधिक. लिहिता येणारा एक बंगाली मुलगा तिथे होता, म्हणून एवढे तरी उरले. मराठा पलटणींतले बहुतेक शिपाई निरक्षर. पत्रसुद्धा दुसऱ्याकडून लिहवून घेणारे.

मग त्यांचे उरले काय? पलटणींना मान मिळाले. १०३ वी मराठा पुढे ‘जंगी पलटण’ झाली, ११७ वीला ‘रॉयल’ ही पदवी लाभली. हे सारे पलटणींचे. माणसांचे काय? फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेलला हिंदी सैनिकांचे गोल स्मारक आहे. १९२७ साली उघडलेल्या त्या स्मारकावर ४,७०० वर माणसांची नावे कोरलेली आहेत. बसऱ्याचे स्मारक १९२९ चे; ते ४० हजारांहून अधिक मृतांचे, आणि त्यांतले बहुसंख्य हिंदी. तिथे गोऱ्या शिपायांची नावे आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची आहेत. साध्या हिंदी शिपायांपुढे काय आहे? पलटणीचे नाव आणि एक आकडा. ही विषमता होती, असे युद्धस्मृती आयोगाने २०२१ साली उघड कबूल केले आणि माफी मागितली. सातारा-रत्नागिरीकडे गावोगाव सरकारने बसविलेल्या संगमरवरी पाट्या आहेत: या गावातून इतके महायुद्धात गेले, इतके मेले. तिथेही आकडाच. गावाला नावे ठाऊक होती, म्हणून कोरली नाहीत असे म्हणावे, तर ज्या पिढीला ठाऊक होती ती आता उरलेली नाही.

वाचकहो, एका गोष्टीकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. त्या युद्धानंतर लढलेल्या प्रत्येक हिंदी शिपायाला चांदीचे आणि पाणक्या-डोलीवाल्याला काशाचे पदक मिळाले. एका बाजूला राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. पण पदक उभे धरून त्याची कड उजेडात फिरवा: तिथे बारीक अक्षरांत शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण छापलेली असते. बसऱ्याच्या दगडावर जे नाही, ते या कडेवर आहे. कित्येक पदके दुष्काळात चांदीच्या भावाने सोनाराकडे गेली. जी राहिली, ती कुठे तरी देव्हाऱ्यामागे, कुठे ट्रंकेच्या तळाशी, कुठे आजीच्या बटव्यात आहेत.

दिवाळीत घराची झाडलोट होते, माळ्यावरच्या पेट्या खाली येतात. एखादे काळवंडलेले पदक हाती लागले तर ते भंगारात टाकण्याआधी चिंचेने घासा आणि कड वाचा. मोठ्याने वाचा, म्हणजे मुलांनाही ऐकू जाईल.